वन्सं, एकदा बघून घ्या

९ जानेवारी

तीर्थरूप दादा,

एरवी मी तुला तीर्थरूप वगैरे लिहीत नाही. आज लिहिलं, कारण पुढे भांडायचं आहे आणि सुरुवात तरी नीट असावी.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं ड्रॉइंग मी तुला पाठवलं, तर तू फोनवर म्हणालास, "सख्ख्या भावाला कुलूप लावतेस?" आणि फोन ठेवून दिलास. मी नंतर तीनदा केला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. हॉस्टेलवर असल्यापासून मला माहीत आहे, तू फोन अर्ध्यात तोडतोस, पण पत्र शेवटपर्यंत वाचतोस.

तर ऐक. कुलूप तुला नाही, कागदाला आहे. माझ्या ऑफिसातून बाहेर जाणारं प्रत्येक ड्रॉइंग बंद प्रत म्हणूनच जातं. बघता येतं, छापता येतं, बदलता येत नाही. ज्याला पाठवलं त्याचं नाव कागदावर तिरकं, फिकट छापलेलं असतं. मालकाची लिंक वेगळी, ठेकेदाराची वेगळी. सुधारणा झाली की जुनी लिंक मी बंद करते, म्हणजे तीन महिन्यांपूर्वीचा कागद मोबाईलमधून काढून कोणी "मॅडमनी असंच दिलंय" म्हणायला नको. हसू नकोस. मागच्या वर्षी एका मालकाला मी भिडेपोटी उघडी फाईल दिली. त्याने ती मेहुण्याला पाठवली, मेहुण्याने मुकादमाला, आणि मधल्या कोणीतरी जिना उलटा फिरवला. बांधून झाल्यावर बघायला गेले तर वरच्या पायरीवर तुळई थेट माझ्या कपाळात. आणि कागदाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव कोणाचं? माझं. तेव्हापासून कानाला खडा.

ओळंबा धरायला मला तूच शिकवलंस. दोरी हलत असताना भिंतीवर रेघ मारायची नाही, असं म्हणायचास. माझंही तेवढंच म्हणणं आहे.

वहिनीच्या कॉम्प्युटरच्या वर्गाचं काय झालं ते कळव. तू नाही कळवलंस तर तीच कळवेल, पण तुला विचारलं असं व्हावं म्हणून विचारते.

तुझी भांडकुदळ,
छोटी


१७ जानेवारी

छोटे,

भाषण पोचलं. आवडलं. आता माझं ऐक.

डॉक्टरीणबाई रोज सकाळी पेशंट यायच्या आधी साइटवर येतात आणि रोज काहीतरी नवीन आठवून येतात. काल तपासणीच्या खोलीचं दार दुसऱ्या भिंतीत हवं होतं, आज खिडकी चार इंच खाली. मी तुला कळवायचं, तू बदलायचं, बंद प्रत पाठवायची, ती आम्ही छापायची. तोवर गवंडी हातावर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसतो. तीस वर्षं या धंद्यात आहे मी. वीट हातात घेऊन टिचकी मारली की कच्ची का पक्की सांगतो. आता दार इकडचं तिकडे करायला धाकट्या बहिणीची चिठ्ठी आणायची?

उघडी फाईल दे. मला नको, मला ती उघडताच येत नाही. तुझ्या वहिनीला दे. पत्र्याच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरसमोर अशी बसते की आत जाताना मला चपला काढाव्याशा वाटतात. पर्समध्ये टेप घेऊन फिरते. परवा घरी आलेल्या पाहुण्यांच्या समोर तिने आमच्या सोफ्याची रुंदी मोजली.

तू लहान होतीस तेव्हा माझ्या खांद्यावर बसून स्लॅब बघायला यायचीस. तेव्हा कुठलं कुलूप नव्हतं.

दादा

वन्सं, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून ह्या दोन ओळी आत घुसवते. वर्ग पूर्ण झाला, सर्टिफिकेटही मिळालं. वर्गात सगळ्यांत मोठी मीच. बाकीच्या मुली म्हणायच्या, "काकू, घाबरू नका, दाबा." आता न घाबरता दाबते. पण तुमच्या ड्रॉइंगमध्ये विचारल्याशिवाय एक रेघ हलवणार नाही, अगदी शपथ. ह्यांचं किती ऐकायचं ते मला कळतं. सोफ्याची गोष्ट खरी आहे, पण पाहुणेच म्हणाले होते की त्यांना तसाच करून घ्यायचाय.


२५ जानेवारी

दादा (आणि वहिनी, कारण पाकिटं कोण चिकटवतं ते आता कळलं),

हरले. फाईल उघडी करून दिली आहे, पण फक्त वहिनीच्या नावाने. पासवर्ड तिचा तिने ठरवायचा आणि दादा, तुला सांगायचा नाही.

वहिनी, एकच गोष्ट पाळ. काही बदलायचं असेल तर फाईलमध्ये त्याच जागेवर प्रश्न लिही. फोन करू नकोस. फोनवरचं "हो" दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही आणि मग "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू होतं. लिहिलेलं राहतं. मी खाली "हो" लिहिलं की मगच छाप. दारं, खिडक्या, कपाटं यांचं मी लगेच सांगेन. जे वजन घेतं किंवा वजन टाकतं त्यातलं काही असेल तर मला आधी आरसीसीच्या इंजिनिअरला विचारावं लागेल, म्हणजे एखादा दिवस जास्त.

दुसऱ्या कोणासाठी मी हा नियम मोडला नसता. उघडी फाईल पाठवली तेव्हा माझ्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, घरचीच माणसं आहेत." तो म्हणाला, "मागच्या वेळी तुम्हीच म्हणाला होता, मॅडम, की घरच्यांनाच सगळ्यात आधी कुलूप लावायचं." मी त्याला चहा आणायला पाठवलं.

छोटी


२३ फेब्रुवारी

दादा,

वहिनी म्हणजे कमाल आहे. काल तिने लिहिलं, "वन्सं, डॉक्टरीणबाई डावखुऱ्या आहेत, मग औषधांच्या कपाटाची मूठ या बाजूला कशी?" दोन वर्षं मी त्या बाईंबरोबर बसते आहे, त्या कुठल्या हाताने लिहितात ते माझ्या लक्षात आलं नाही.

पण दिवसाला सात-आठ प्रश्न येतात रे, आणि प्रत्येकाला माझा फोन टिंग करतो. कॉलेजच्या इमारतीचं मोठं काम अंगावर आलंय, मार्चमध्ये सगळ्या विश्वस्तांसमोर दाखवायचंय. नाकी नऊ आलेत. म्हणून तिच्या प्रश्नांची घंटी मी बंद करून ठेवली आहे. रविवारी सकाळी बसते आणि आठवड्याची सगळी उत्तरं एकदम देते. तिला हे सांगू नकोस, तिला वाटेल मी कंटाळले. खरंच घाईचं काही असलं तर तू मला फोन कर. हो, फोनच कर. माझेच नियम मीच मोडते आहे, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते.

छोटी


१४ एप्रिल

दादा,

आज तीन आठवडे झाले. तू फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस. मी आले होते तेव्हा चार दिवस तुझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होते. तू दोनदा पाणी प्यायला आलास आणि दोन्ही वेळा मला ओलांडून गेलास. शेजारच्या काकू म्हणाल्या, आत्ता त्याला एकटं राहू द्या. म्हणून मी परत आले. यायला नको होतं.

मला जे कळलं ते सगळं मुकादमाकडून कळलं. पाण्याच्या दोन्ही टाक्या पोर्चच्या स्लॅबवर ठेवलेल्या होत्या. सकाळी पहिल्यांदा पूर्ण भरल्या. कुठे ओल दिसते का हे बघायला वहिनी खाली उभी राहिली. स्लॅब एकदमच खाली आला, आधी आवाजसुद्धा झाला नाही, असं तो म्हणाला. तू रस्त्याच्या पलीकडे होतास.

मी ऑफिसात येते आणि ते ड्रॉइंग उघडून बसते. माझ्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या मूळ प्रतीत टाक्या मागे, जिन्याच्या डोक्यावर आहेत, चार भिंतींवर. मी छापूनही बघितलं. वहिनीला दिलेली फाईल उघडायचा अजून धीर होत नाही. त्या पुढे कशा गेल्या, दादा? भांडायला विचारत नाही. मला कळल्याशिवाय माझ्याने दुसरं काही होत नाहीये.

तिची फार आठवण येते. मी तिला कधी सांगितलं नाही, पण आई गेल्यावर मला आजारपणात कोणी दटावून औषध दिलं असेल तर ते तिनेच.

छोटी


२२ एप्रिल

तुला उत्तर हवंय ना, घे.

साइटवरचा कागद माझ्यासमोर आहे. टाक्या पोर्चवर आहेत. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत तुझं नाव आहे, तुझ्या ऑफिसचा पत्ता आहे, सुधारणा क्रमांक चार असं लिहिलंय. चौकशीला नगरपालिकेचा इंजिनिअर आला होता, त्याला मी हाच कागद दिला. म्हटलं, कागदावर होतं तसं बांधलं.

मोठी नियम सांगणारी. बंद प्रती, लिंक वेगळ्या, तिरकी नावं. काय उपयोग झाला? माझी बायको त्या कागदाखाली गेली.

परत येऊ नकोस. पत्रही लिहू नकोस.


१ मे

दादा,

लिहू नकोस म्हणालास, तरी हे एकच.

कागद माझ्या नावाचा आहे हे खरं. उघडी फाईल मी दिली, तिथून पुढे जे झालं त्याची जबाबदारी माझी. चौकशीत मी हेच लेखी दिलं आहे. ड्रॉइंगवर सही करायचा माझा परवाना मी स्वतःहून त्यांच्याकडे जमा केला. कॉलेजचं काम सोडलं. ड्राफ्ट्समनला दुसरीकडे नोकरी मिळाली, बरी आहे.

फाईलमध्ये कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद आपोआप राहते. मी ती पाहिली आहे. चौकशीवाल्यांना दाखवलेली नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, चूक माझ्याकडून झाली, यापलीकडे मला काही सांगायचं नाही. तुलाही आत्ता काही सांगत नाही.

वेळेवर जेवत जा.

छोटी


१६ मे

छोटे,

चौकशीच्या ऑफिसातून तुझ्या जबाबाची प्रत आली. तुझं अक्षर बघून मी ती घेऊन पत्र्याच्या ऑफिसात गेलो, तिच्या खुर्चीवर बसलो आणि चारदा वाचली. तू लिहिलंयस, "ठेकेदाराचा किंवा त्यांच्या पत्नीचा यात काहीही दोष नाही."

तू हे का लिहिलंस? तू तर नोंद पाहिलीस म्हणतेस.

तू पाहिलीस तर तुला माहीतच असेल. मी माझ्या तोंडाने सांगतो, आजवर कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना गच्ची मागच्या बाजूने मोकळी हवी होती. मी हिला म्हटलं, टाक्या पुढे घे. ही म्हणाली, वन्संना विचारते. मी म्हटलं, विचार. चार-पाच दिवस उत्तर आलं नाही. गवंडी खोळंबला होता, टाक्या ट्रकमधून उतरून रस्त्यात पडल्या होत्या, येणारेजाणारे शिव्या घालत होते. ही म्हणाली, थांबू या. मी म्हटलं, छोटीला नको असतं तर एव्हाना नाही म्हणाली असती.

आणि छोटे, मला माहीत होतं की तुझं 'नाही' इतक्यात येणारच नव्हतं. तुझं ते पत्र तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होतं, घंटी बंद केल्याचं. मला माहीत होतं की तू बघितलेलंच नाही. तिला वाईट वाटेल म्हणून सांगू नकोस असं तू लिहिलं होतंस, पण मी काही त्यासाठी गप्प बसलो नाही. मला टाक्या चढवायच्या होत्या. फोन कर म्हणाली होतीस, तेही केलं नाही. केला असता तर तू इंजिनिअरला विचारत बसशील असं वाटलं. तीस वर्षं. वीट वाजवून सांगणारा मी. पोर्चवर पाणी चढवायचं नसतं हे एरवी मी झोपेतही सांगितलं असतं. त्या दिवशी मला फक्त रस्ता मोकळा करायचा होता.

स्लॅब आला आणि पहिला विचार मनात आला तो तिचा. दुसरा आला तो हा, की कागदावर तुझं नाव आहे. या दुसऱ्या विचाराला मी धरून बसलो. नाहीतर मी उभा राहू शकलो नसतो.

तिने तुला काय विचारलं होतं? फाईलमध्ये काय लिहिलंय ते मला शब्दाला शब्द कळव.

दादा


२४ मे

दादा,

शब्दाला शब्द लिहिते. एकाही अक्षराला हात लावलेला नाही.

३ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. "वन्सं, बाईंना गच्चीची मागची बाजू मोकळी हवी आहे. टाक्या पुढे पोर्चवर घेऊन दाखवल्या आहेत, अजून छापलं नाही. हे म्हणतात चालेल. मला वजनाचं कळत नाही. एकदा बघून घ्या."

६ मार्च. "वन्सं, टाक्यांचं बघितलंत का? गडबड नाही."

९ मार्च. "वन्सं, तुमचं मोठं काम चालू आहे. फोन करू नको असं तुम्हीच म्हणालात, म्हणून करत नाही. हे म्हणतात तुम्हाला नको असतं तर एव्हाना नाही म्हणाला असतात. म्हणून छापते आहे. माझं चुकलं असेल तर रागवा."

मधला आठ तारखेचा रविवार होता. त्या रविवारी मी बसलेच नाही. विश्वस्तांपुढे कॉलेज दाखवायचं होतं, मी पुठ्ठ्याची प्रतिकृती चिकटवत होते. पुढच्या रविवारी थकून पडून राहिले. त्याच्या पुढच्या रविवारी बाहेर गेले होते. मंगळवारी मुकादमाचा फोन आला.

हे सगळं मी एप्रिलच्या शेवटी वाचलं. तोवर त्या फाईलमध्ये तिचे शंभरावर प्रश्न साठले होते.

तू विचारतोस, का लिहिलंस तसं. नोंद दाखवली असती तर मी सुटले असते. पण चौकशीच्या कागदावर कायमचं राहिलं असतं की ड्रॉइंग अमुक तारखेला ठेकेदाराच्या पत्नीच्या नावाने बदललं गेलं. तिच्या नावाने, दादा. जिने तीनदा विचारलं, तिच्या. लोकांनी तेवढंच वाचलं असतं. वर्गात सगळ्यात मोठी असूनही कॉम्प्युटर शिकायला गेली आणि काय करून बसली बघा, असं म्हणाले असते. ते मला ऐकवलं नसतं.

तुझ्यासाठीही लिहिलं का? नाही. तुझा मला राग आला होता. खूप. आजही आहे. तू मला स्वयंपाकघरात ओलांडून गेलास तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

छोटी


२ जून

छोटे,

काल चौकशीच्या ऑफिसात गेलो. तो इंजिनिअर जेवायला बसला होता, म्हणाला नंतर या. मी म्हटलं, तुम्ही जेवा, मी बोलतो. त्याने डबा बंद केला.

सांगितलं की टाक्या पुढे घ्यायचं मी ठरवलं आणि ड्रॉइंगही मीच बदललं. तो म्हणाला, फाईल तुमच्या मिसेसच्या नावावर होती. मी म्हटलं, तिचा पासवर्ड मला पाठ होता, ती घरी असताना मी उघडून बदललं. तिला काहीच माहीत नव्हतं. त्याने लिहून घेतलं, मी सही केली. तुझा परवाना परत देण्याबद्दल वरिष्ठांना लिहितो म्हणाला. माझं ठेकेदारीचं नाव यादीतून निघेल, पुढे काय व्हायचं ते होईल.

पासवर्ड मला पाठ नव्हता. आजही माहीत नाही. तू सांगू नको म्हणाली होतीस आणि तिने खरंच सांगितला नाही. मी एकदा चेष्टेने विचारला होता, तर म्हणाली, "वन्संना शब्द दिलाय."

तिची ती तीन टिपणं वाचल्यापासून मला घास गिळवत नाही. "हे म्हणतात चालेल." दोनदा लिहिलंय तिने, हे म्हणतात, हे म्हणतात.

मला एकच गोष्ट सांग. तू ते त्या दिवशी वाचलं असतंस, तर काय म्हणाली असतीस? तूही कधीकधी घाईत असतेस, माझ्यावर तुझा भरवसा असतो, पुष्कळदा तू माझं ऐकून "चालेल" म्हणाली आहेस. या वेळीही म्हणाली असतीस असं असेल, तर तसं लिही. मग मी मनाशी म्हणेन, आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नसतं, होणारच होतं. तेवढ्यावर मी निदान जेवीन.

पण खरं असेल तेच लिही.

दादा


९ जून

दादा,

चार दिवस हे पत्र लिहिते आहे. पहिल्यांदा लिहिलं त्यात "चालेल" होतं. चांगलं जमलं होतं. कामाची गडबड, तुझ्यावर भरवसा, घरचंच काम, सगळी कारणं घातली होती आणि ती वाचायला खरी वाटत होती. पाकिटात घालून चिकटवलंही. मग फाडलं. ती माझ्याकडे खरं उत्तर मागत होती आणि मी दिलं नाही. आता तू मागतोयस, आणि तुला खोटं दिलं तर मी दोघांनाही फसवलं असं होईल.

मी नाही म्हटलं असतं. विचारही करावा लागला नसता. तो पोर्च फक्त सावलीसाठी होता. दोन भरलेल्या टाक्या म्हणजे पाच टन, हे कळायला मला इंजिनिअर लागला नसता. मी हातातलं काम टाकून तुला फोन केला असता, तू "माझ्या डोक्यावर मिरे वाटतेस" म्हणून ओरडला असतास, दोन दिवस बोलला नसतास, आणि टाक्या मागेच राहिल्या असत्या. वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी तिला दिलं नाही.

तुला यावर जेवण जाणार नाही, मला माहीत आहे. मला परवाना नको आहे, दिला तरी इतक्यात हातात घेणार नाही. तू तिच्यासाठी जे खोटं बोललास ते मात्र मी कधीच खोडून काढणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. येऊ नकोस म्हणालास तरी येणार. दार उघडलं नाहीस तर बाहेर पायरीवर बसेन. तिला "थांब" म्हणू शकणारी आपण दोनच माणसं होतो, आणि आपण दोघांनीही म्हटलं नाही. हे मी दुसऱ्या कोणाजवळ रडू?

छोटी